भटारखान्यातला नवरदेव

माझ्या मावशीच्या यजमानांना जिचा हेवा वाटणार नाही अशी वस्तू या जगात अजून तयार व्हायची आहे. मी शिकायला औरंगाबादेत आलो तो पडेगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहिलो. मेंढरांमागून सुटून कॉलेजात बसलेला आमच्या घरातला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलं की हात अडखळतो. पण काकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मावशीनं शेजारणीच्या म्हशीला देखणी म्हटलं, तर काका संध्याकाळभर त्या म्हशीकडं पाठ करून बसत. रेडिओवरच्या गाण्याला मावशीची मान हलली, की नेमका तेव्हाच त्यांना खोकला येई. माझ्या पुस्तकांचाही त्यांना हेवा वाटे, कारण मी पुस्तकांपुढं तासन्‌तास मान खाली घालून बसे आणि काकांपुढं तसा कधी बसत नसे. ते नामांतराचे दिवस होते. एकदा मी मोर्चातून घसा बसवून आलो, तर काका म्हणाले, "तुज्या विद्यापीठाच्या नावापायी अख्खा मराठवाडा रस्त्यावर हाय. आन् माजं नाव हाटेलात कुनाला ठाव नाय. 'ए कणिकवाले' म्हनत्यात." ते थट्टेनं बोलले नव्हते.

काका एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात कणीक मळत. अजिंठ्याला निघालेले परदेशी पाहुणे आणि नव्या कारखान्यांचे साहेब जी तंदुरी रोटी खात, ती काकांच्या मुठींखालून गेलेली असे. या एका गोष्टीत त्यांना कुणाचाच हेवा नव्हता, कारण इथं त्यांच्या वर कुणी नव्हतं. पुढं वाळूजकडं कारखाने वाढले, त्यांच्या मेजवान्या वाढल्या आणि मालकानं कणीक मळायचं यंत्र आणलं. नारळ फुटला, यंत्राला झेंडूचा हार पडला. "आला नवरदेव!" काका घरी येऊन पायरीवर बसले. "मला इतक्या वर्सांत एक फूल नाय, आन् त्याला हार!"

भांडी घासणारे एकमेकांना विचारू लागले, आज कणीक गेली, उद्या आपलं काय? काकांनाही तीच भीती होती, पण त्यांच्याकडं प्रत्येक भावना हेव्याचे कपडे घालूनच बाहेर पडे. कुणाची नजर त्याच्याकडं जाऊ नये म्हणून ते यंत्रावर फडकं टाकत. "पोटभर खातो, पर घाम नाय येत मेल्याला," म्हणत. तंदूरवाल्या उस्तादांनी एकदा जाता जाता यंत्रावर थाप मारली, तर काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेवटी न राहवून विचारलं, "उस्ताद, खरं सांगा, माज्या आन् त्याच्या कणकेत फरक हाय का नाय?"

"अरे भाई, फरक कायका? रोटी तो रोटीच है."

त्याच दिवशी काकांनी दोन रोट्या घरी आणल्या, एक आपल्या हातच्या कणकेची, एक यंत्राच्या कणकेची. मावशीला डोळे मिटायला लावले. तिनं दोन्ही सावकाश चाखल्या आणि हसत, मोठ्या विश्वासानं उजवीकडची उचलली. "ही तुमची. लोन्यावानी हाय."

ती यंत्राची होती. काका हात धुऊन बाहेर गेले.

मालक वाईट नव्हता. त्यानं काकांना काढलं नाही. मिशा भारदस्त म्हणून त्यांना फेटा बांधून दारावर उभं केलं. पगार तोच. येणाऱ्याला सलाम करायचा आणि हसायचं. गावाकडं सगळे म्हणाले, नशीब, नोकरी वाचली. मीही आईला पत्रात तसंच कळवलं.

मग एका संध्याकाळी मावशी चहा देता देता म्हणाली, "ऐकलं का? पलीकडच्या बाईचा नवरा कारखान्यात कायम झाला."

"बरं झालं," काका म्हणाले. "भला मानूस हाय."

मावशीचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडं. "दिसायलाबी लई देखना हाय त्यो."

"व्हय की."

मी पुस्तकातून मान वर केली. एरवी एवढ्यावर चहाची बशी आपटली असती. मावशी त्यांच्यापुढं खाली बसली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अवो, जरा तरी जळा की."

काका हसले. ते हसणंही दारावरचंच होतं.