सेकंदाचा पाचवा हिस्सा

नानांचं घड्याळ मी बिघडवलं, तेही हौसेनं आणि माझ्या पहिल्या पगारातून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला गुणी मुलगी समजायला नको.

नाना म्हणजे माझे वडील. वडवणी तालुक्यातल्या एका हायस्कुलात ते खेळाचे शिक्षक होते. त्यांच्या मामांनी हवाई दलात मेकॅनिक म्हणून नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर आपलं घड्याळ भाच्याला देऊन टाकलं. गोल, जाडजूड घड्याळ. चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं. वरचं दाबलं की मधला लांब काटा धावायला लागायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा, खालचं दाबलं की झटकन शून्यावर. सेकंदाचे पाच हिस्से त्यावर मोजता यायचे. तालुक्याच्या स्पर्धांत नाना शेवटच्या रेषेवर उभं राहून वेळ सांगायचे. ज्यांची मुलं हरली ते दुसऱ्या गावचे मास्तरसुद्धा "सरांनी सांगितलं ना, मग झालं" म्हणून गप्प बसायचे. नानांची सगळी ऐट त्या एका वाक्यात होती.

मला बीडला बँकेत नोकरी लागली तेव्हा त्या घड्याळाची काच ओरखड्यांनी भरली होती आणि तबकडी चहा सांडल्यासारखी पिवळी पडली होती. रोज सकाळी चावी द्यायची कटकट होतीच. मी ते मागून घेतलं आणि आठ दिवसांत नवंकोरं करून देते म्हणाले. बाजारातल्या घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावून बराच वेळ आत पाहिलं.

"ताई, मशीन लई चांगली हाय. साफ करून देतो," तो म्हणाला.

मीच म्हटलं, नको, बॅटरीची मशीन घाला. तेव्हा सगळे तेच करत होते.

"मग ही बटणं नुसती शोभेला राहतील बघा."

शाळेत स्टॉपवॉच असेलच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. नानांना एका शब्दानं विचारलं नाही. शहाणपण उतू जायचं वय होतं ते. तबकडीही पांढरीशुभ्र रंगवून घेतली. निघताना त्या भल्या माणसानं जुनी मशीन कागदाच्या पुडीत बांधून पुढं केली, तर मी म्हटलं, राहू द्या, काय करायचीय.

नानांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. "छान झालं की," म्हणाले आणि लगेच मनगटावर बांधलं. पुढं वीसेक वर्षं तेच वापरलं. फक्त त्या वर्षापासून त्यांनी शेवटच्या रेषेवर उभं राहणं सोडलं. हेडमास्तरांना सांगून खो-खोचं काम मागून घेतलं. नजर कमी झाली असेल, असं आम्ही घरात धरून चाललो. त्याचा आणि बटणांचा संबंध माझ्या फार उशिरा लक्षात आला, आणि आल्यावर विचारायची हिंमत झाली नाही. नाना माझ्यावर मनातून रागावलेत, एवढं मात्र मी पक्कं धरलं होतं. ते टोचायचं.

गेल्या वर्षी मोबाइलवर अचानक तेच घड्याळ दिसलं. ज्या परदेशी कंपनीनं ते फार पूर्वी मोजक्याच संख्येनं बनवलं होतं, तिनं हुबेहूब तसंच पुन्हा काढलं होतं. जुनं अस्सल मिळावं म्हणून लोक जगभर शोधत फिरतात, असंही खाली लिहिलं होतं. त्याहून कहर म्हणजे नव्याची तबकडी कंपनीनं मुद्दाम पिवळट रंगवली होती, जुनी वाटावी म्हणून. जो पिवळेपणा मी पुसून काढायला लावला, तो हे लोक कारखान्यात लावून विकत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

नवऱ्याला सांगितलं, या दिवाळीला सोनं नको, पुढच्याही नको, मला हे घड्याळ पाहिजे. तो म्हणाला, "बाईमाणसाला एवढं मोठं?" मी म्हटलं, माझ्यासाठी नाही. पुण्याच्या दुकानात नाव लावलं आणि चार महिने वाट पाहिली. नानांनी पुन्हा एकदा ते बटण दाबावं आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं, एवढाच हिशेब होता.

एका रविवारी दुपारी मी ते घेऊन गावी गेले. नाना ओसरीवर पेपर वाचत बसले होते. डबी उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा पुसला. घड्याळ उचललं, बांधलं नाही. अंगठा आपोआप वरच्या बटणावर गेला. काटा निघाला, तसे ते त्याच्याकडे बघतच राहिले. थांबवला, शून्यावर आणला, पुन्हा सोडला. असं पाच-सहा वेळा केलं. मग डबीत ठेवून दिलं.

"कावून आणलंस हे?"

मी सगळं बोलून टाकलं. मी चुकले, तुमचं घड्याळ मी बिघडवलं, तुमचं मैदानावरचं काम माझ्यामुळं गेलं, तुम्ही इतकी वर्षं राग धरून बसलात.

"तुझ्यावर कसला राग?" नाना म्हणाले. "ऐक. तू घड्याळ आणून दिलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरींच्या चारशे मीटरची निवड होती. पोरी लई, म्हणून दोन तुकड्यांत पळवल्या. जिचा वेळ कमी, ती जिल्ह्याला जाणार. पहिली तुकडी सुटली, मी बटण दाबलं. काटा बटणाला न जुमानता आपला त्याच्याच चालीनं चाललेला."

"मग तुमी थांबवलं का न्हाई?"

"एवढ्या लोकांत काय सांगू? पोरीनं घड्याळ बिघडवलं म्हणून? हौसेनं केलतं तू." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "साध्या काट्यावर मोजलं. दोन तुकड्यांतल्या पहिल्या दोघी, दोघींचा सेकंद सारखाच आला. वरचे हिस्से मी मनानं सांगितले. एक पोरगी आपल्या शाळेची होती. तिला पुढं काढलं असतं तर लोक म्हणले असते, सरांनी आपलीच काढली. म्हणून तिला एक हिस्सा मागं ठेवली. कुणी एक शब्द बोललं न्हाई. सरांनी सांगितलं ना, मग झालं."

मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त लाज वाटली. मला वाचवायला हा माणूस खोटं बोलला होता, आणि मी इतकी वर्षं त्याच्या रागाची गणितं मांडत बसले होते.

"ती पोरगी आता आपल्या वडवणी-बीड गाडीवर कंडक्टर हाय," नाना म्हणाले. "मी गाडीत चढलो की पुढची सीट रिकामी करून देती. दर खेपेला म्हणतो, आज सांगू. न्हाई जमत."

मला सोमवारी बीडला कामावर जायचंच होतं. मी म्हटलं, उद्या तुम्हीही चला.

सकाळी स्टँडवर गाडी लागली. ती दारातच होती, खाकी कपडे, खांद्याला तिकिटाचं मशीन. नानांना हात देऊन वर घेतलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मी शेजारी बसले. नानांनी नवं घड्याळ बांधलंच नव्हतं, घरी ठेवून आले होते. गाडी सुटायच्या आत त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि मला सांगितलं होतं तेवढंच तिला सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मीच मध्ये पडून म्हणाले, घड्याळ मी बिघडवलं होतं.

ती हसली. "अवो सर, ते कुठं धरून बसलात! किती वरसं झाली. माझं काय अडलं त्याच्यावाचून?" असं म्हणून ती मागं तिकिटं फाडायला निघून गेली. नानांनी मोठा श्वास सोडला. मलाही हायसं वाटलं. चला, झालं एकदाचं, असं वाटलं.

गाडी गावाबाहेर पडली. तिकिटं संपवून ती पुढं आली आणि समोरच्या आडव्या सीटवर बसली. थोडा वेळ मशीनवरची बटणं उगीच दाबत राहिली. मग नानांकडे वाकली. आता ती हसत नव्हती.

"सर, पर खरं सांगा. पुढं कोन होतं? ती का मी?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून निघालेली वेळ इतकी वर्षं कुणी पुन्हा विचारली नव्हती.

"मला न्हाई म्हाईत, बाई," ते म्हणाले. "आता कुणालाच न्हाई कळायचं."