माहितीस्तव सविनय सादर

तमाम सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की आज सकाळी पिंप्राळ्यात, आमच्या शेजारच्या अंगणात, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात आहेत आणि त्या वासानं प्रस्तुत लेखक कामातून गेला आहे. काम म्हणजे प्रबंध तपासणं. ते राहिलं. त्या खमंग, किंचित करपट धुरातून मला काही वर्षांपूर्वीचे एम.एड.चे रविवारचे वर्ग दिसू लागले, आणि सोनगीरकडून सकाळची पहिली एसटी पकडून, भरताचा डबा घेऊन येणाऱ्या अक्का.

त्या वर्गात माझे विद्यार्थी म्हणजे पन्नाशीला टेकलेले शिक्षकच. मी फर्मान काढलं: शाळेत काय घडलं आणि तुम्हाला काय वाटलं, ते दर आठवड्याला ब्लॉगवर लिहा. जन्मभर साहेबांसाठी अहवाल लिहिलेली ही मंडळी. ‘वाटणं’ हा रकाना त्यांच्या पाहण्यातच नव्हता. एका भाऊंनी नोंद कागदावर लिहून, खाली सही करून, शाळेचा गोल शिक्का मारून तिचा फोटो चढवला. अक्कांची नोंद दर वेळी तीच: ‘पाठ यशस्वी झाला. माहितीस्तव सविनय सादर.’ मीही खाली दर वेळी एकच शब्द लिहायचो, ‘खरंच?’

सातव्या आठवड्यात अक्का चिडल्या असाव्यात. त्यांनी लिहिलं: ‘जूनपासून गप्प असलेली एक मुलगी आज उठून म्हणाली, “बाई, बठ्ठा बत्तीस शेतस.” सगळे मिळून बत्तीस, उत्तर बरोबर होतं. शुद्ध बोलता येईल तेव्हा सांग, असं म्हणून मी तिला खाली बसवलं. नंतर डबा न उघडताच घरी नेला. घरी मीसुद्धा हीच अहिराणी बोलते. वीस वर्षांत अशी किती मुलं मी खाली बसवली?’

शेवटी सविनय सादर नव्हतं. मी नाचायचाच काय तो बाकी राहिलो.

पण ‘हे फक्त मी वाचतो’ अशी ग्वाही देणाऱ्या या महापंडितानं ब्लॉग सगळ्या जगाला उघडा ठेवला होता. चौथ्या दिवशी अक्कांचा फोन आला.

“सर, गावच्या ग्रुपवर फिरतंय. सोमवारी पालकसभा बोलावलीय.”

“काढून टाकू का?”

“आता काय काढता? पोलीस पाटलांनी पंचायतीच्या ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं.” मग आवाज खाली आला. “मला मान होता हो सर या गावात.”

सोमवारी मी अपराध्यासारखा शाळेच्या सतरंजीवर मागं बसलो. अशा सभांत बाई बोलतात. पालक मान डोलावतात, सही करतात आणि जातात. अक्कांनी ती नोंद स्वतःच वाचली, एकही शब्द न गाळता. माणसाला स्वतःकडे बघायला लावणं किती सोपं, आणि त्यानंतर त्याच्या शेजारी बसणं किती अवघड, हे मला त्या सतरंजीनं शिकवलं.

तो ब्लॉग केव्हाच बंद पडला. अक्का निवृत्त झाल्या. त्या शाळेत आता पालकांना आवरावं लागतं म्हणे. मला मात्र अजून त्या दिवशी मोकळी झालेली माझी छाती आठवते, कारण सभेत त्या मुलीचे आबा टोपी सावरत उठले, आणि त्यांच्या तोंडून जे निघून गेलं त्यानं अक्का आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावून बसल्या:

“मंग आते आमलेबी शाळामा बोलता यी.”