कुंकवाखालचा आवाज

चित्रपटाचा आवाज नदीत सोडायला निघालेला माणूस मी धुळ्यात पाहिला. आणि तो माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती.

व्हिडिओचे दिवस होते. धुळ्यातलं एक जुनं थिएटर पाडून मालक, सगळे त्यांना नाना म्हणत, तिथे व्हिडिओ हॉल काढणार होते. प्रोजेक्टर मशीनच्या खोलीत परातीएवढ्या काळ्या तबकड्या आहेत, अशी बातमी भुसावळच्या रेल्वे कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या मित्राने माझ्याकडे जळगावला आणली. बोलपट नवे होते तेव्हा काही चित्रपटांचा आवाज फिल्मवर नसायचाच. तो वेगळ्या तबकड्यांवर असे आणि एका रिळासोबत एक तबकडी वाजवत. या तबकड्या ज्या चित्रपटाच्या होत्या, त्याच्या रिळांचा केव्हाच भुगा झाला होता. आवाज तेवढा उरला होता.

नानांच्या वडिलांपासून त्या घरात दर दसऱ्याला मशीनची पूजा होई, आणि मशीनसोबत तबकड्यांचीही. हळद, कुंकू, अक्षता, पाण्याचे शिंतोडे. आता पूजेतली वस्तू भंगारात कशी द्यायची? म्हणून नानांनी ठरवलं होतं, अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर पांझरा नदीत विसर्जन.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. पाण्यावर, रेशनवर, बुवाबाजीवर. नानांच्या ओट्यावर चढले ती पत्रकाच्याच भाषेत बोलत.

"नाना, हा गुन्हा आहे. वर तुमच्या अंधश्रद्धेने तबकड्यांची माती केलीय!"

नानांनी पान थुंकलं. "पूजा करी म्हनीसन बठ्ठ्या शाबूत शेतस, पोरी. नही ते भंगारवाला कवयच ली जाता. तुन्हं पत्रक तव्हय कोठे व्हतं?"

पूजेमुळेच त्या भंगारात गेल्या नव्हत्या, हे मलाही कळत होतं. राग मात्र भरपूर होता.

"एक तबकडी द्या," मी म्हटलं. "वाजवून दाखवते. नाही वाजली तर मीच नदीवर पोचवते."

"आन वाजनी ते?"

"ते वाजल्यावर बोलू."

नानांनी एक काढून दिली. साध्या रेकॉर्ड प्लेयरवर ही तबकडी मावेना, कडेला सुईच्या दांड्याचा खुंट आडवा येई. मित्राने खाली लाकडी चकती बसवली, दांडा लांब केला, जाड सुई आणली. कुंकू काढायला त्याने स्पिरिटची बाटली उघडली तशी मी त्याचा हात धरला. तबकडी लाखेची. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे आमच्या गल्लीतल्या सुताराकडे रोज दिसायचं. कुंकू तसंच राहिलं.

नानांच्या बैठकीतच वाजवायला घेतली. या तबकड्या आतून बाहेर वाजतात, सुई मध्याजवळ ठेवायची. आणि कुंकू नेमकं तिथेच! दरवर्षी बोट टेकवायची जागा तीच. सुई त्या थरावर अडखळली, खरखरली, उडून बाहेर पडली.

"व्हयनं?" नाना म्हणाले. "चाल मंग नदीवर."

"थांबा." मित्राने सुई कुंकवाच्या पलीकडे टेकवली. आधी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला, मग त्यातून एक बाई बोलली. कुणाला तरी दार उघडायला सांगत होती. पुढे हार्मोनियम, पुढे गाणं. नाना पुढे सरकून बसले. पान तोंडातच राहिलं.

तबकडी संपली. "ही बाई पह्यले काय बोलनी?" त्यांनी विचारलं.

"ते कुंकवाखाली आहे, नाना."

नाना उठले. मग आतून मऊ धोतराचा तुकडा आणून माझ्यासमोर टाकला. "पूस."

मी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने गोल गोल घासत आणि धोतराने टिपत राहिले, रेघेच्या दिशेनेच, आडवं नाही. पाणी लाल होत गेलं. नाना ताटली बदलून देत होते. पण अट त्यांनी सोडली नाही: तबकड्या जळगावला न्या, पण दसऱ्याला पूजा झाली पाहिजे.

"मी पूजा करणार नाही," मी स्पष्ट सांगितलं.

"मी करसू. जळगावले यीसन."

"कुंकू तबकड्या ठेवायच्या पेटीला लावायचं. तबकडीला बोट लागलं तर खपवून घेणार नाही."

"भलती खाष्ट पोर शे," ते माझ्या मित्राला म्हणाले, आणि पेटी उचलायला स्वतः वाकले.

चतुर्दशीला पांझरेवर गणपती गेले तेव्हा मी जळगावच्या एस.टी.त होते. तबकड्या आडव्या ठेवल्या तर तडकतात, म्हणून पेटी उभी, माझ्या दोन्ही गुडघ्यांत धरलेली. कंडक्टर म्हणाला, वर टपावर टाका. मी म्हटलं, मग मलाही टाका.