दुहेरी ठोका

कारखान्यात त्यांना कप्तान म्हणत. पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या शेडमध्ये ते फोरमन होते. मशीनांच्या रांगांमधून ते असे फिरत, जणू सगळी जमीन हलते आहे आणि तेच तेवढे सरळ उभे आहेत.

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. ती कोपऱ्यातल्या जुन्या प्रेसनं घेतली होती. या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. काम लवकर उरकावं म्हणून कामगार डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकतात आणि मोकळ्या झालेल्या हातानं माल काढतात. अपघाताच्या दिवशीही पाचर होती, आणि ती कप्तानांनीच ठोकली होती. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"एका दाबाला दोनदा ठोका मारला तिनं. माझा हात चुकत नाही."

मेकॅनिकनं मशीन खोलून पाहिली. दोष सापडला नाही. तेव्हापासून कप्तानांनी एकच ध्यास घेतला: तिनं पुन्हा दुहेरी ठोका मारावा आणि तो चारचौघांनी बघावा. मालकांनी ती विकायचं काढलं की ते काहीतरी खुसपट काढून मोडता घालत. तिला तेल कमी देत, माल जास्त लावत.

शेवटी मालक ऐकेनात. प्रेस भंगारात जायचं ठरलं. शेवटच्या पाळीला कप्तानांनी तिच्यावर आपल्या मेव्हण्याला बसवलं. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "अहो, वैर तुमचं, मग हात माझ्या भावाचा कशाला?"

"पाचर ठोक," कप्तान म्हणाले.

"पाचर कशाला, दाजी? दोन्ही हातांनी दाबतो की."

"तशी ती शहाण्यासारखी वागते. पाचर असली की खरं रूप दाखवते."

"तिला दाखवू दे काय ते. मला घरी जाऊन ताईला दोन्ही हात दाखवायचेत."

शेजारचा वेल्डर हसला. "कप्तान, मशीन आहे ती, सासू नव्हे!"

"ऊठ," कप्तान मेव्हण्याला म्हणाले आणि स्वतः बसले. पाचर त्यांनीच ठोकली.

दुपारभर प्रेस एका दाबाला एकच ठोका देत राहिली. "मार की! आता का शेपूट घालतेस?" ते पुटपुटत होते. मेव्हणा मागे उभा होता.

"दाजी, पुरे झालं. उठा आता."

कप्तान मान वळवून ओरडले, "गप्प बस तू!" त्यांचा उजवा हात बटणावर होता. डावा आत होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मेव्हण्यालाच विचारलं, "दोनदा आला ना? पाहिलंस ना?"

बायकोनं भावाला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण.

"नाही दाजी. एकदाच आला."

"तूही तिच्याच बाजूचा," म्हणून कप्तानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे त्यांनी मशीन सदोष असल्याची तक्रार केली. चौकशी होईपर्यंत प्रेस जागची हलवता येत नाही. साक्ष मेव्हण्याची होती. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी बहिणीनं त्याला घरी बोलावलं.

"माणूस आतून पोखरला जातोय रे. दोनदा आला म्हणालास तर तुझं काय बिघडतं?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कप्तान जागे होते.

"ताई," तो त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी एकच ठोका पाहिला."

बहिणीनं त्याच्यासमोरचा चहाचा भरलेला कप उचलला आणि ती आत निघून गेली.