सात रस्त्यावरचा हॉट डॉगवाला

सात रस्त्याजवळ हॉट डॉगची गाडी लावणाऱ्या त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. तव्यावर चिकनचं सॉसेज परतताना तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला अमेरिकेची गोष्ट सांगतो. "जर्मन लोकांनी नेलं हे तिकडं. त्यांच्या लांबुळक्या कुत्र्यागत दिसायचं, म्हणून चेष्टेत हे नाव पडलं. आता तिकडं मॅच बघताना हेच खातेत, काका." बोलताना त्याची नजर मात्र सारखी रस्त्यावर असते.

परवा संध्याकाळी मी गाडीपाशी उभा असताना चौघे जण मोटारसायकलींवरून आले. गाडीवरची 'हॉट डॉग' ही पाटी वाचून एकानं विचारलं, "काय रं, कुत्र्याचं मटण इकतो व्हय?"

त्यानं तीच गोष्ट सांगायला घेतली. कुणी हसलं नाही. एकानं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. तेव्हा त्यानं तव्यावरचं सॉसेज मधोमध तोडलं आणि अर्धं त्यांच्यासमोर खाल्लं. "कोंबडीचं हाय. माझी पोरं बी हेच खातेत."

उरलेलं अर्धं त्यानं पुढं केलं. त्यांच्यापैकी कुणीच हात लावला नाही. शेवटी मीच ते घेतलं आणि खाल्लं. तोंड पोळलं, तरी थांबलो नाही.

ते निघून गेले, व्हिडिओ मात्र त्यांच्याकडंच राहिला.

तवा स्वच्छ झाला तरी तो बराच वेळ पुसतच होता. मग हळूच म्हणाला, "काका, उद्या बी या की. खायाचं नसलं तरी या. नुसतं हितं हुबं ऱ्हावा."