घाटातलं लहान इंजिन

मामाची दोन सीटची लाल गाडी दिसते शर्यतीची, पण इंजिन लहान. परवा घाट चढताना मी ती चालवत होते. मागून आलेली एक मोठी गाडी सहज पुढे निघून गेली.

“बघितलंस? आता विकतोच हिला,” शेजारी बसलेला मामा म्हणाला.

मी दुसरा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. वेग फारसा वाढला नाही, पण इंजिनाने होता नव्हता तो सगळा जोर लावला आणि वळण थेट पोटात जाणवलं. दमदार गाडी रस्त्यावर कायम आवरूनच चालवावी लागते. माणसांत मीही आवरूनच बोलते. इथे काहीच राखून ठेवायचं नव्हतं.

“मामा, नको ना विकूस, मला दे!” इंजिनाच्या आवाजाच्या वरताण मी चक्क ओरडले.

मामा दचकला. “अगं, समोर बघ आधी! आणि उद्यापासून धुवायची तूच.”