चौथ्या गाण्याचे मास्तर

"बठ्ठं आयक, मंग बोल," म्हणजे आधी सगळं ऐक, असं म्हणून मास्तर उजवा हात वर करायचे, पोलिसानं ट्रक अडवावा तसा. समोरचा गप्प झाला की हात खाली यायचा आणि बोटं मांडीवर चालू व्हायची. क्लॅरिनेट पेटीत असली तरी बोटं तिच्यावरच असायची.

एरंडोलकडचे बँडमास्तर. लग्नातला बँड. जांभळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी, टोपीखाली कायम घाम. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, फक्त नवरदेव बघण्याच्या नादात त्याच्याकडे लक्ष गेलं नसेल. माझंही कधी गेलं नव्हतं. माझ्या लेखी बँड म्हणजे आमचा बँड.

आता त्या बँडचं सांगणं आलं. थोडी लाज वाटते, पण त्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. जळगावला इंजिनिअरिंग करत असताना आम्ही चौघांनी रॉक बँड काढला. मी गायचो आणि गिटार वाजवायचो. भाड्याच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या आणि आठ गाण्यांचा अल्बम केला. शब्द मराठी, गिटार करकरणारी. महाराष्ट्र हादरेल असं आम्हाला वाटलं होतं. महाराष्ट्र जागचा हलला नाही.

ऐकणारे अगदीच नव्हते असं नाही. शेजारचा पानवाला म्हणाला, तुझा स्पीकर गेलाय, बदलून घे. आमच्या सरांनी शब्द कळले असते तर आवडलं असतं असं सांगितलं. मामांनी विचारलं, यातलं हळदीला चालेल असं कोणतं? इंटरनेटवर एका अनोळखी माणसानं प्रतिक्रिया दिली, तेव्हा आम्ही चौघं नाचलो. त्यानं लिहिलं होतं की दुसरं गाणं डाउनलोड होत नाही.

खरं म्हणजे मला एकाच माणसाला ऐकवायचं होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. मी शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. त्या दिवसापासून आबांनी घरात आईचा विषय काढला नाही. फोटोला हार घालायचे, पण बोलायचे नाहीत. मी काढला तर उठून गोठ्यात जायचे. अल्बममधलं चौथं गाणं आईचं होतं. ते आबांनी ऐकावं आणि काहीतरी बोलावं, चांगलं नाही तर वाईट, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी गावी, असोद्याला, घराच्या ओट्यावर त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून लावलं. गिटार सुरू झाली तसे ते ताठ झाले. "मोटर कोरडी चालली," म्हणाले आणि चपला घालून थेट विहिरीकडे निघाले. मी मागून हाका मारतोय, तर हातानंच थांब म्हणाले. विहिरीवर मोटर बंदच होती. तिथून ते केळीत गेले आणि अंधार पडल्यावर परत आले. चौथ्या गाण्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. पुन्हा लावायची हिंमत मला झाली नाही. बँड मोडला. ड्रमवाला मित्र धुळ्याला विमा विकायला लागला, मी जळगावात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान टाकलं.

मास्तर त्या दुकानात आले ते नळ्या घ्यायला. त्यांची थोडी कापूसशेती होती. मी आत नळ्या मोजत होतो आणि बाहेर आमचाच अल्बम लागला होता, दुसरं कोण लावणार? मास्तर स्पीकरजवळ गेले, वाकले, जाळीला कान लावला. मी मनात म्हटलं, आता हेही तेच सांगणार.

"स्पीकर फाटेल नही शे," ते म्हणाले. "आवाज मुद्दाम फाडेल शे."

स्पीकर फाटलेला नाही, आवाजच मुद्दाम फाडलाय, हे इतक्या वर्षांत ओळखणारा पहिला माणूस! मी आनंदानं बडबडायला लागलो तेव्हा तो हात वर गेला. सगळं ऐकू दे, मग बोल. आठही गाणी त्यांनी खताच्या गोणीवर बसून ऐकली. गिऱ्हाइकं आली, गेली. चहा निवला. शेवटचं गाणं संपल्यावर त्यांनी मला एकच विचारलं.

"तुनी माय कव्हय गयी?"

आई कधी गेली? चौथ्या गाण्यात आई हा शब्द नाही. मेल्याचा उल्लेख नाही. गोठा आहे, पहाट आहे आणि गोठ्यात कुणीतरी गातंय, बस. माझ्या बायकोलाही ते मला समजावून सांगावं लागलं होतं. मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं, विहिरीच्या मोटरीसकट. ते हसले नाहीत. अल्बम पेनड्राइव्हवर घेतला आणि नळ्या तिथेच विसरून गेले.

त्यानंतर त्यांचा हा उद्योगच झाला. दोन लग्नांमधल्या प्रवासात बँडच्या गाडीत ते आमचा अल्बम लावायचे आणि कोण काय म्हणालं ते दुकानात येऊन मला सांगायचे. गोड करून सांगणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ढोलवाल्याचं मत पडलं की तुमचा ड्रमवाला घाबरट आहे, पुढे पळतो. ट्रंपेटवाल्याला सातवं आवडलं. ड्रायव्हरला झोप येत नाही म्हणून सगळीच चालतात. तिसरं गाणं मात्र नुसती भरती आहे, असं सर्वांचं एकमत झालं होतं. मी दोन दिवस धुसफुसलो. मग तिसरं ऐकून बघितलं आणि आणखी धुसफुसलो, कारण ते खरंच भरतीचं होतं.

एकदा त्यांनी मला पाचोऱ्याकडच्या एका वरातीला बोलावलं. काय ते सांगितलं नाही. वरात चौकात आली, मास्तरांनी क्लॅरिनेट वर उचलली, आणि चौथं गाणं! दुप्पट वेगात, खाली ढोलाचा दणका. पोरं पिसाळल्यासारखी नाचली. नवरदेवाचा मामा तर रस्त्यात आडवाच झाला आणि हेच परत वाजवा म्हणून हट्ट धरून बसला. तीनदा वाजवलं. मी बाजूला उभा राहून माझ्या आईच्या गाण्यावर लोळणारा तो मामा बघत होतो.

वरात संपल्यावर मी मास्तरांना नको तितकं बोललो. ते रडायचं गाणं आहे, म्हणालो, तुम्हाला काही आहे का नाही? ते शांतपणे क्लॅरिनेट पुसत होते. "आयकनाराले ठरवू दे," एवढंच म्हणाले. मी गाडीला किक मारली आणि निघून आलो. पुढे दोन महिने बोललो नाही.

शेवटी तेच आले. या वेळी गोणीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच बोलले. लोकांचं काही चुकलं नाही, लोकांनी ऐकलं तेच धरलं, पण लय आपली चुकली, असं त्यांनी सरळ कबूल केलं. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. मला कसंतरीच झालं. मग त्यांनी विचारलं की असोद्याला तुमच्या घरात लग्न कधी आहे.

लग्न होतं. चुलतबहिणीचं, त्याच वर्षी वैशाखात. बँड अर्थातच मास्तरांचा. दिवसभर त्यांनी लग्नातली नेहमीची गाणी वाजवली आणि माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाठवणीची वेळ आली. बहीण एकेकाच्या गळ्यात पडत होती, आबा तिची बॅग धरून गाडीजवळ उभे होते. मास्तरांनी ढोल-ताशाला हातानं थांबवलं आणि एकट्यानं चौथं गाणं सुरू केलं. हळू. इतकं हळू की मीच दोन ओळींनंतर ओळखलं. गिटार नाही, करकर नाही, शब्द नाहीत. मांडवातल्या बायका रडायला लागल्या, पण बायका पाठवणीला रडतातच, त्याचं श्रेय मी घेत नाही. मी आबांकडे बघत होतो. त्यांच्या हातातली बॅग खाली टेकली होती.

वाजवणं संपल्यावर ते मास्तरांकडे गेले आणि चाल कोणाची म्हणून विचारलं. मास्तरांनी क्लॅरिनेटनं माझ्याकडे दाखवलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, परत जाऊन बॅग गाडीच्या डिकीत ठेवली आणि जेवणाच्या पंगतीकडे निघून गेले.

म्हटलं, संपलं, यापुढे काही होणार नाही. मास्तरांना तसं बोललो तर ते टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "आते त्यासना हातमा शे." आता ते आबांच्या हातात आहे. तुझं काम झालं, माझंही झालं, असा त्यांचा सूर होता, आणि चेहऱ्यावर पोटभर जेवल्याचं समाधान.

त्या पावसाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली. क्लॅरिनेट पुतण्याकडे गेली, तरी कोट घालून ते गाडीत पुढच्या सीटवर बसायचे. कुणाचा सूर हलला तर काचेवर टकटक करायचे. मी भेटायला गेलो की नवं काही केलंस का, असं विचारायचे. मी नाही म्हटलं की तोंड फिरवायचे.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दहाव्याला निघालो तर आबा धुतलेला शर्ट घालून दारात उभे. मीही येतो म्हणाले. मास्तरांना ते उभ्या जन्मात एकदा भेटले होते. मी मोटरसायकल काढली.

विधी झाले. बँडची सगळी माणसं साध्या कपड्यांत आली होती, मला तर निम्मी ओळखूच आली नाहीत. परतताना हायवेला लागलो आणि आबा मागच्या सीटवरून बोलले.

"त्या गाण्यात तू म्हनतो, तुही माय पहाटे गोठ्यात गात व्हती."

मी हँडल घट्ट धरलं. क्लॅरिनेटनं तर शब्द वाजवले नव्हते.

"कधी ऐकलं, आबा?"

"लग्न झाल्यावर. फोनमधे घेतलं भरून." मग माझ्या कानाशी वाकून, "ती गात नव्हती रे. म्हशीशी भांडत व्हती. रोज. तुले लहानपणी झोपेत गाणं वाटलं असंल."

आणि मग ते म्हशीचं सांगायला लागले. कोणती म्हैस, ती लाथ कशी मारायची, आई तिला कोणकोणत्या शिव्या द्यायची, आणि दूध काढून झालं की त्याच म्हशीला गूळ कसा चारायची. इतक्या वर्षांत आईबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य, आणि त्याच्या मागोमाग दुसरं, तिसरं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांपुढचा रस्ता धुरकट झाला होता. वाऱ्यात एखादा शब्द निसटत होता म्हणून मी गाडी हळू केली, मग आणखी हळू. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून पुढे निघून गेले.

हे आत्ताच्या आत्ता मास्तरांना सांगायला हवं, असं वाटून मी गाडी वळवायला इंडिकेटरसुद्धा दिला. मग लक्षात आलं, आपण कुठून येतोय ते.

इंडिकेटर बंद केला. आबा मागे बोलतच होते.